एका टेबलावरच्या दोन कंपन्या

विमान कंपनीत मी तीन वर्षं नोकरी केली आणि त्या तीन वर्षांत एकदाही विमानात बसलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. नांदेडातली काही जुनी माणसं मला अजून 'विमानवाले देशपांडे' म्हणतात. त्यामुळे त्यांच्या नातवंडांना वाटतं, आजोबा वैमानिक होते. पूर्वी मी खुलासा करायचो. आता कंटाळलो. विमान आकाशात नेतो त्याचं नाव होतं, जमिनीवर उभं राहून हात हलवतो तो कारकून असतो, आणि मी दुसऱ्या जातीतला.

नोकरीची पुढची तीस वर्षं शिक्षण खात्याच्या कचेरीत गेली. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते त्या तीन वर्षांतलं, आणि त्यातही एका बुधवारचं. इतकी वर्षं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

महायुद्ध संपलं होतं आणि निजामाचं राज्य अजून होतं. मॅट्रिक होऊन मी उर्दू-इंग्रजीच्या जोरावर नोकरी शोधत होतो. नांदेडला स्टेशनजवळ एका विमान कंपनीची कचेरी उघडली होती. नांदेडला विमान येत नव्हतं. तिथं नुसती तिकिटं विकायची, माणूस आगगाडीनं हैदराबादला जायचा आणि तिथून उडायचा. आमचे मुन्तजिम, म्हणजे व्यवस्थापक, एक वयस्क खानसाहेब होते. त्यांनी पहिल्याच दिवशी एक वाक्य माझ्याकडून पाठ करून घेतलं. 'एकदा आमचं तिकीट हातात पडलं, की पोचवायची जिम्मेदारी आमच्या कंपनीची.' गिऱ्हाइकानं कितीही प्रश्न विचारले तरी शेवटी हे वाक्य म्हणायचं. सहा महिन्यांत ते मला झोपेतही म्हणता येऊ लागलं.

मग मला कळलं की कंपनी एक नाही, दोन आहेत. हे बाहेरच्या माणसाला नीट समजावून सांगावं लागतं. एक थोरली कंपनी. पाटीवर तिचं नाव, तिकिटावर तिचं नाव, वर्तमानपत्रातली जाहिरात तिची. दुसरी धाकटी. विमान तिचं, वैमानिक तिचा, पेट्रोल तिचं. आता ही धाकटी सोळा आणे थोरलीच्याच मालकीची. दोन्हीकडचे डायरेक्टर तेच. सकाळी थोरलीची सभा आटोपून चहा पिऊन त्याच खुर्च्यांवर धाकटीची सभा भरवत, असं खानसाहेब सांगायचे. मी विचारलं, "मग दोन कशाला?" त्यांनी पानाचा डबा उघडला आणि म्हणाले, "बेचता बाप है, उड़ाता बेटा है. गिरा तो बेटा गिरा, बाप का कुछ नहीं जाता."

तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात हेच लिहिलेलं होतं, जरा सभ्य भाषेत. मागची बाजू वाचणारा प्रवासी मला कधी भेटला नाही. मीसुद्धा ती पुष्कळ उशिरा वाचली.

सहा महिन्यांनी मला लातूरला पाठवलं. लातूरबाहेर एक माळ सपाट करून घेतला होता. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊ वाजता हैदराबादहून पाच माणसांचं छोटं विमान तिथं उतरायचं आणि पाव तासात परत फिरायचं. पावसाळ्यात बंद. लातूरला मी एकटाच, आणि दोन्ही कंपन्यांचा एजंट मीच. गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, एक खोली भाड्यानं घेतली होती. तिच्यात एक टेबल. टेबलाची डावी बाजू थोरलीची, उजवी धाकटीची. डावीकडे तिचा शिक्का, तिची वही, तिचा खण, उजवीकडे हिचा. सकाळी दहा ते एक थोरलीची वेळ, दोन ते पाच धाकटीची. खाकी टोपी थोरलीची, निळी टोपी धाकटीची. एक वाजता मी खाकी टोपी खुंटीला लावायचो, भाकरी खायचो, आणि दोन वाजता निळी टोपी घालून पलीकडच्या खुर्चीत बसायचो.

दोन कंपन्यांमध्ये सगळा व्यवहार लेखी हवा, असा दंडक होता. थोरलीनं तीन तिकिटं विकली की थोरलीच्या एजंटानं धाकटीच्या एजंटाला पत्र लिहून तीन जागा मागायच्या. म्हणजे सकाळी मी पत्र लिहायचो आणि टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवायचो. दुपारी ते मिळाल्याचा शिक्का मारून उत्तर लिहायचो, 'आपले आजच्या तारखेचे पत्र पावले', आणि डाव्या बाजूला ठेवायचो. आज हसू येतं. तेव्हा आठवड्यातले पाच दिवस माझ्याशी एवढीच माणसं बोलत, आणि ती दोन्ही मीच. लातूरला नात्याचं कुणी नव्हतं, लग्न झालेलं नव्हतं, आई नांदेडला. लोक विमान बघायला गर्दी करत, ते गेलं की मागं वळूनही बघत नसत. पहिल्या दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. त्या दिवशी थोरल्या कंपनीच्या एजंटानं धाकट्या कंपनीच्या एजंटाला दिवाळीच्या शुभेच्छांचं पत्र लिहिलं. जावक क्रमांक घालून. दुपारी धाकट्यानं आभार मानले आणि 'आपली प्रकृती कशी आहे' असंही विचारलं. ती दोन्ही पत्रं कितीतरी दिवस फाइलीत होती.

माळावरचं काम मात्र जिवंत होतं. विमान उतरायच्या आधी गुरं हाकलायची. मग ओला कडबा पेटवून धूर करायचा, म्हणजे वारा कुठून आहे ते वैमानिकाला वरून दिसतं. खांबाला एक कापडी बाहीही लावली होती, पण ती दुसऱ्याच महिन्यात कुणीतरी नेली. बहुतेक एखाद्याच्या अंगरख्यात गेली असावी. त्यानंतर प्रवाशांची वजनं. विमान छोटं, त्यामुळे माणूस आणि त्याचं गाठोडं दोन्ही काट्यावर चढवावं लागे. कंपनीनं काटा दिला नव्हता. मी गंजातल्या एका आडत्याकडून धान्य तोलायचा काटा मागून आणायचो. एका देशमुखांनी काट्यावर चढायला साफ नकार दिला. "मी काय करडईचं पोतं हाय का?" शेवटी त्यांचा नोकर अंदाजानं त्यांच्याएवढा दिसतो म्हणून त्याला चढवलं. काट्यावर तो भलताच हलका भरला, धनी निदान अर्ध्या मणानं जड असावेत. मी तेवढा भार अंदाजानं वाढवून लिहिला आणि विमान दिसेनासं होईपर्यंत शिवाचं नाव घेत उभा राहिलो.

काट्याचे मालक म्हणजे शिवलिंगप्पा. सगळा गंज त्यांना अप्पा म्हणे. भुईमूग, करडई, तूर यांची आडत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, दम्यामुळे बोलताना मध्येच थांबायची सवय. काटा न्यायला मी जायचो आणि परत न्यायला त्यांचा गडी यायचा, पण पुढं पुढं अप्पाच येऊ लागले. कामाशिवाय माझ्या खोलीत येणारे ते एकटेच. येताना रुमालात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी असायची. "पंत, बामनाला चालत न्हाई म्हनाल तर गुपचूप खावा," म्हणायचे. मी गुपचूप न खाता उघड खायचो. त्यांना एकच मुलगी, सुगला, हैदराबादला दिलेली. तिचं पत्र आलं की ते मला वाचून दाखवत. मला पत्र लिहिणारं कुणी नव्हतं, हे त्यांना माहीत असावं.

आता टपालाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

एकदा धाकट्या कंपनीचे तपासनीस न सांगता आले. सकाळचे अकरा. माझ्या डोक्यावर खाकी टोपी आणि हातात धाकटीच्या नावानं आलेलं पाकीट, नुकतंच उघडलेलं. साहेबांनी ते काढून घेतलं. "मियाँ, ये डाक किसकी है?" मी म्हटलं, आपल्याच कंपनीची. "और सर पे टोपी किसकी है?" त्यांनी शेरा लिहिला की एका कंपनीच्या एजंटानं दुसऱ्या कंपनीचं टपाल उघडलं, पुन्हा असं झाल्यास नोकरी जाईल. मी सांगून पाहिलं की दुसऱ्या कंपनीचा एजंटही मीच आहे. साहेब म्हणाले, दोन वाजेपर्यंत नाही.

तेव्हापासून मी धाकटीच्या नावाचं पाकीट सकाळी आलं की न उघडता उजव्या खणात टाकायचो. दोन वाजले की टोपी बदलून उघडायचो. सवय इतकी अंगात भिनली, की खणात पत्र आहे हेसुद्धा सकाळी डोक्यात राहत नसे.

तो बुधवार. दहा वाजता तारवाला आला. तार धाकटीच्या नावाची होती. सही करून घेतली आणि खणात टाकली. पंधरा मिनिटांत अप्पा आले. रुमाल नव्हता. हातात त्यांचीही एक तार होती, जावयाची. सुगला बाळंतपणात अत्यवस्थ, वडिलांना सारखी बोलावते, ताबडतोब निघा.

अप्पा म्हणाले, "उदगीरची मोटार साडेअकराला हाय. तिथून सांजची गाडी घावती. उद्या सकाळी हैदराबाद. जातो मी पंत. काटा लागला तर गड्याला सांगा, एवढंच सांगाया आलो."

त्यांना धाप लागली होती. उदगीरचा रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. दम्याच्या माणसानं मोटारीत तीन तास धूळ खायची, मग रात्रभर आगगाडीत बसायचं. मी म्हटलं, "अप्पा, उद्याच्या विमानात एक जागा आहे. सकाळी नऊला बसलात की साडेदहाला हैदराबादेत. पोचणार दोन्ही वाटांनी सकाळीच. मग हाल कशाला?"

"मोटारीचा भरवसा असतो. तुमच्या विमानाचं काय खरं?"

आणि मी ते वाक्य म्हटलं. एकदा आमचं तिकीट हातात पडलं, की पोचवायची जिम्मेदारी आमच्या कंपनीची.

हे मी विक्रीसाठी म्हटलं नाही. देवाशपथ सांगतो, मायेनं म्हटलं. अप्पांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. कंपनीवर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवून ते खाली बसले. मी तिकीट लिहिलं. ते टेबलाच्या अलीकडे बसले होते आणि तार त्यांच्यापासून दीड हातावर, उजव्या खणात होती. साडेअकराला मोटारीचा भोंगा वाजला. दोघांनीही ऐकला. अप्पा म्हणाले, "गेली." मी म्हटलं, "जाऊ द्या."

अप्पा तिथून दुकानात गेले. नव्या शेंगांची पहिली आवक त्याच दिवशी गंजात लागली होती. गाड्या दारात उभ्या होत्या, म्हणून थोडा वेळ बसले.

दोन वाजता मी निळी टोपी घातली आणि खण उघडला. उद्याचं विमान रद्द, प्रवाशांना तात्काळ कळवावे. एवढंच. कारण मागाहून कळलं. कुणा बड्या असामीच्या शिकारपार्टीला विमान दिलं होतं.

मी टोपीसकट धावत सुटलो. अप्पा लिलावात उभे होते. तार त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती वाचून घेतली आणि एकच विचारलं, "कवा आली ही?"

"आत्ताच," मी म्हटलं.

ते शब्द तोंडातून कसे गेले, मला कळलं नाही. परत घेता आले असते. अप्पांनी दुसरं काही विचारलं नाही, गड्याला टांगा आणायला पिटाळलं. पण दिवसाला गाडी एकच. टांगा उदगीरला पोचला तेव्हा ती केव्हाच गेली होती. अप्पा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फलाटावर बसून राहिले. शुक्रवारी सकाळी हैदराबादला पोचले. सुगला गुरुवारी दिवेलागणीला गेली होती. मूलही वाचलं नाही. गुरुवारी दिवसभर ती शुद्धीवर होती आणि दाराकडे बघत होती, असं जावयानं त्यांना सांगितलं.

महिन्याभरानं अप्पा माझ्या खोलीत आले. अंग निम्मं झालं होतं. मी तिकिटाचं भाडं परत मागवून ठेवलं होतं, ते पुढं केलं. त्यांनी हात लावला नाही.

"पैशे नको, पंत. मला कागद पाहिजे."

"कसला कागद?"

"चूक कुनाची, त्येचा. घरात बोलनं बंद हाय. सुगलाची आई आल्या दिवशी म्हनली, शेंगाची आवक लागली म्हनून तुमी राह्यलात. गाड्या सोडवंनात तुमच्यानं. मी म्हनलं, विमान येनार व्हतं. ती म्हनली, विमानाचं निमित्त. तार उशिरा आली म्हनलं, तर म्हनली तुमचा दोस्त तुमचीच बाजू बोलनार. म्हनून कंपनीचा कागद द्या. शिक्क्याचा. इंग्रजीत असला तरी चालंल, मी कुनाकडून तरी वाचून दाखवीन तिला."

मी त्यांचा अर्ज लिहिला. थोरल्या कंपनीकडे पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की सदर उड्डाण धाकट्या कंपनीचे असल्याने आमचा संबंध नाही. मग धाकटीकडे पाठवला. उत्तर आलं की सदर प्रवाशास तिकीट थोरल्या कंपनीने विकले, आमचा त्यांच्याशी करार नाही. मी पुन्हा थोरलीला लिहिलं की धाकटी तर संपूर्ण तुमचीच आहे. त्याला उत्तर आलं की मालकी आमची असली तरी ती स्वतंत्र कंपनी आहे, आणि एजंटाने असले प्रश्न उपस्थित करू नयेत. ही सगळी पत्रं माझ्याच टेबलावरून गेली आणि माझ्याच टेबलावर आली. थोरलीचं उत्तर खाकी टोपीत वाचून दाखवायचो, धाकटीचं निळ्या टोपीत. तसा नियम होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटचं पत्र ऐकल्यावर अप्पा म्हणाले, "पंत, तुमी टोपी बदलून बदलून बोलायलात. मंग तुमी सोता कोन?"

त्या दिवशी ते गेल्यावर मी एक कोरा कागद घेतला. शिक्का नाही, टोपी नाही. 'तार बुधवारी सकाळी दहा वाजता आली होती. ती मी दोन वाजेपर्यंत उघडली नाही. शिवलिंगप्पांना मीच थांबवून घेतले.' खाली नाव लिहिलं. वाचलं. नोकरी जाईल, नांदेडला आईला काय सांगू, हा एक विचार होता. पण तोच एक होता असं म्हणालो तर खोटं होईल. अप्पा माझ्या खोलीत यायचे बंद होतील, याची मला जास्त भीती वाटली. कागद फाडला.

अप्पा तसेही यायचे बंद झाले. काटा गडी आणून द्यायचा. पुढच्या पावसाळ्यात विमान बंद झालं ते कायमचं. त्यानंतर राज्यही बदललं, दोन्ही कंपन्यांच्या पाट्या उतरल्या. मी नांदेडला परतलो. लग्न झालं, मुलं झाली, कचेरी झाली. लातूरला जायचे प्रसंग आले, मी टाळले. बायकोलाही यातलं काही बोललो नाही. माणसं भोवती असली की एकटेपणा जातो म्हणतात. माझा गेला नाही. अप्पा गेल्याचं कुणाकडून तरी कानावर आलं, तेव्हा मी सकाळी आंघोळ करून नेहमीसारखा कचेरीत गेलो.

निवृत्त झाल्यावर विष्णुपुरीच्या रस्त्याला फिरायला जायचो. धरणाचं काम चाललेलं बघायचं आणि परत यायचं, एवढाच उद्योग. मागल्या वर्षी लातूरला एका लग्नाचं आमंत्रण आलं आणि मुलानं आग्रहानं एसटीत बसवून दिलं. चाकूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. उन्हाची वेळ. कंडक्टर तिशीतला, काटकुळा. मागून येणाऱ्या गाड्या दुसऱ्या डेपोच्या, भरलेल्या, थांबायला तयार नव्हत्या. हा पठ्ठ्या रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एका गाडीचा ड्रायव्हर ओरडला, "आमच्या डेपोची पाशिंजर न्हाईत ही!" कंडक्टर म्हणाला, "डेपोचं मला सांगू नगंस. तिकिटं मी फाडलीत. माझ्या हातची मानसं हायेत, मी पोचवनार." एकेका गाडीत दोन-दोन, चार-चार करत त्यानं सगळ्यांना बसवलं. मला म्हातारा म्हणून पहिल्याच गाडीत चढवलं. मागच्या काचेतून तो दिसत होता, उरलेल्या माणसांना झाडाखाली बसवून स्वतः उन्हात उभा.

लातूरला उतरलो आणि लग्नाला गेलो नाही. ऑटोवाल्याला गंजात चल म्हणालो.

आमच्या खोलीच्या जागी औषधाचं दुकान झालं आहे. अप्पांचं घर मात्र मागच्या गल्लीत होतं तिथंच. आता पुतण्या आडत बघतो. अप्पांच्या पत्नी, गौराकाकू, ओसरीवर सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या. मी नाव सांगितलं, ओळख पटली नाही. विमानवाला म्हटल्यावर हात थांबले.

"काय काम काढलं?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर फिरवून फिरवून सांगितलं असतं. "काकू, त्या दिवशीची तार उशिरा आली नव्हती. सकाळी दहालाच आली होती. अप्पा मोटारीनं निघालेच होते, मी त्यांना थांबवलं. तार माझ्या टेबलाच्या खणात पडून होती, मी दोन वाजता उघडली. अप्पांना हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. मी त्यांना खोटं सांगितलं."

"मोटारीनं निगाले व्हते?"

"हो. काट्याचा निरोप द्यायला आले होते, तेवढंच. शेंगांची आवक लागल्याचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग बोलू लागल्या, पण माझ्याशी बोलत होत्या असं वाटलं नाही. "चौदा वर्सं. सुगला गेल्यापून ते जाईस्तोवर चौदा वर्सं मी त्येंच्याशी बोलले न्हाई. समदं केलं. भाकरी केली, धुनं धुतलं, दमा उसळला की पाठ चोळली. पन तोंडातून सबूद काडला न्हाई. ताट वाडलं की तांब्या वाजवायची. तांब्या वाजला की ते यायचे जेवायला. मरताना बी बगत व्हते माझ्याकडं. तवा बी मी तांब्याच वाजवला, पानी पाजाया."

मी म्हटलं, "काकू, चूक माझी आहे."

"मला कशाला सांगता?" त्या एकदम उठल्या. "त्येंनी मागितला व्हता कागद. त्येंना सांगा चला."

पुतण्या नको नको म्हणत होता, त्यांनी ऐकलं नाही. त्याच ऑटोतून आम्ही मळ्यात गेलो. लिंगायतांत दहन करत नाहीत, पुरतात. बांधाजवळ अप्पांची समाधी आहे, लहानसा चौथरा, वर दगडी पिंड, शेजारी बेलाचं रोप. काकूंनी पदरानं पिंडीवरची धूळ पुसली आणि बाजूला सरून मला पुढं व्हायची खूण केली.

दुपारच्या उन्हासाठी मी टोपी घातली होती, साधीच, पांढरी. ती काढून हातात घेतली. मला वाटलं होतं शब्द सापडणार नाहीत, पण तो फाडलेला कागद जसाच्या तसा पाठ होता.

"अप्पा, मी देशपांडे. तार बुधवारी सकाळी दहा वाजता आली होती. ती मी दोन वाजेपर्यंत उघडली नाही. तुम्हाला मीच थांबवून घेतलं. जिम्मेदार मी. थोरली नाही, धाकटी नाही. मी."

काकू म्हणाल्या, "मोठ्यानं सांगा. त्येंना उतारवयात कमी ऐकू यायचं."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. पलीकडच्या वावरात खुरपणाऱ्या बायांनी मान वर करून बघितलं.

मग काकू पुढं आल्या. गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या, डोक्यावरचा पदर नीट केला. चौथऱ्यावर हात ठेवला आणि नवी नवरी बोलते तसं हळू म्हणाल्या, "अवो, ऐकलं का?"